हिरवळीच्या पाण्याचा जमाखर्च

बागेला पाणी घालणे ही गोष्ट आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. तुळशीला तांब्याभर पाणी घालताना कोणी पुस्तक उघडीत नाही, आणि परसातल्या चार झाडांना पाणी देणारी आजी हवामानखात्याकडे चौकशी करीत नाही. तेव्हा घरापुढच्या हिरवळीला पाणी किती व केव्हा द्यावे, आणि ते काम घरातील स्वयंचलित यंत्रणेवर सोपवावे की नाही, या विषयासाठी श्रोत्यांचा तासभर वेळ मागून घेणे काहींना नवलाचे वाटेल. परंतु हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तो किती मोठा आहे हे एका साध्या हिशेबावरून दिसून येईल, म्हणून आम्ही हिशेबापासूनच आरंभ करतो.

पाऊस आपण मिलिमीटरांत मोजतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले तर ते बरोबर एक लिटर भरते. हे समीकरण ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व सोपे आहे. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिल महिन्यात चांगली वाढलेली हिरवळ दिवसाला साडेपाच ते सहा मिलिमीटर पाणी खर्च करते. हा आकडा कसा निघतो ते पुढे येईलच. म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या, मध्यम बंगल्यापुढे असते तेवढ्या, हिरवळीला दिवसाकाठी सुमारे ५६० लिटर पाणी लागते. भुयारी गटारे असलेल्या शहरांतून दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी पुरवावे, असे आपल्याकडील पाणीपुरवठ्याचे सरकारी मान आहे. तेव्हा दाराशी हिरवळ लावणे म्हणजे घरात चार माणसांचे बिऱ्हाड वाढविणे होय! बिऱ्हाड ठेवण्यास आमची हरकत नाही. पण ते किती खाते, किती सांडते, याची चौकशी घरधन्याने करावयास नको काय?

ही चौकशी यंत्राकडून करून घेण्याची सोय आता झाली आहे. घरातील दिवे, पंखे, मोटार, टाकी ही सर्व एका लहानशा संगणकाच्या आज्ञेत आणणारी साधने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच स्वस्त झाली. २०१३ साली सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही त्यांतलीच एक आज्ञावली. ती कोणालाही फुकट वापरता येते, आणि तळहाताएवढ्या संगणकावर, घरच्या घरात चालते. तिला हवामानाची माहिती व जमिनीतल्या ओलीची माहिती पुरविली, आणि पाण्याच्या नळीवरील झडप तिच्या हाती दिली, की हिरवळीचे पाणी ती पाहू लागते. मात्र ती ते पाहते म्हणजे नेमके काय करते, हे समजून न घेता जो यंत्र बसवील, त्याचे पाणी वाचेलच अशी खात्री नाही. याचे कारण शेवटी येईल, आणि आमच्या सांगण्यातील मुख्य मुद्दाही तोच आहे.

घड्याळाच्या तालावर पाणी

यापूर्वीची स्वयंचलित व्यवस्था होती ती घड्याळाची. सकाळचे सहा वाजले की फवारे सुरू, वीस मिनिटांनी बंद. असे घड्याळ माणसाचा विसराळूपणा दूर करते हे खरे. पण ते आंधळे असते. आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेला तरी ते सहा वाजता फवारे सोडणारच. आणि भर पावसात छत्री घेऊन जाणारा माणूस त्या फवाऱ्याकडे पाहून हसणारच. अमेरिकेत घरापुढच्या हिरवळी घरोघर आहेत. तेथील केंद्र सरकारच्या पर्यावरणसंरक्षण संस्थेचा अंदाज असा की, घराबाहेर बागेला दिलेल्या पाण्यापैकी निम्म्यापर्यंत पाणी वाऱ्याने, उन्हाने किंवा वाहून जाऊन वाया जाते.

आपल्याच उदाहरणात पाहा. फवारे तासाला ३० मिलिमीटर पाणी टाकीत असतील, तर वीस मिनिटांत दहा मिलिमीटर, म्हणजे शंभर चौरस मीटरांवर एक हजार लिटर झाले. एप्रिलमध्ये ते थोडे जास्त होईल. डिसेंबरात गरजेच्या दुपटीहून अधिक होईल. आणि जुलैत तर सगळेच्या सगळे व्यर्थ जाईल. घड्याळ तेच, मिनिटे तीच. बदलते ते आकाश. तेव्हा घड्याळाच्या जागी आपल्याला हवा आहे तो एक मुनीम. त्याने रोजची कीर्द लिहावी, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती हे पाहावे, आणि शिल्लक ठराविक रकमेच्या खाली गेली तरच मालकाच्या परवानगीने तिजोरी उघडावी. या कीर्दीच्या तिन्ही रकान्यांचा आता क्रमाने विचार करू.

खर्चाचा रकाना : आकाश

हिरवळीचे पाणी दोन वाटांनी उडून जाते. काही मातीच्या पृष्ठभागावरून सरळ वाफ होऊन जाते, आणि बरेचसे गवत मुळांनी शोषून पानांच्या सूक्ष्म रंध्रांवाटे बाहेर टाकते. या दोन्ही खर्चांना मिळून शास्त्रात बाष्पपर्णोत्सर्जन असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला नुसता ‘खर्च’ म्हणू. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयास सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल एवढी उष्णता लागते, आणि ती बहुतांशी सूर्याकडून येते. म्हणून ऊन किती, हा पहिला प्रश्न. पण वाळत घातलेले धोतर नुसत्या उन्हाने वाळत नाही. हवा कोरडी हवी, वारा हवा. हिरवळीचेही तसेच आहे. ऊन, उष्मा, हवेतील दमटपणा आणि वारा ही चौकडी मिळून खर्च ठरविते.

या चौघांना एका सूत्रात गोवण्याचे काम इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन याने केले. त्याचा निबंध १९४८ साली रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. पुढे १९६५ साली जॉन माँटीथ याने पानांच्या रंध्रांचा अडथळाही त्या सूत्रात आणला; आणि १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने हे सूत्र सर्व जगासाठी प्रमाण म्हणून स्वीकारले. यातली गंमत अशी की, ऊस असो, गहू असो, की द्राक्षाची बाग, त्या पिकाला पाणी किती हे ठरविताना तुलनेसाठी जे मूळ माप धरले आहे, ते म्हणजे हिरवळ! बारा सेंटिमीटर उंचीचे, एकसारखे वाढलेले, पाण्याची वाण नसलेले गवत किती पाणी खर्च करील, हे प्रथम काढावयाचे, आणि मग प्रत्येक पिकासाठी त्याला एका गुणकाने गुणावयाचे. सोन्याच्या बाजारात कस लावण्याचा जो दगड, त्याचे स्थान या शास्त्रात गवताला मिळाले आहे.

पुणेकरांना हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही. १९३२ साली हवामानखात्याने कृषिहवामानाचा अभ्यास पुण्यातच सुरू केला, आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेच्या थरांचे जे बारकाईने निरीक्षण केले, ते या शास्त्राच्या पायाभूत कामांत गणले जाते.

पेनमनच्या सूत्राला ऊन व वारा मोजणारी साधने लागतात. ज्याच्याजवळ नुसता तापमापक आहे त्याच्यासाठी हारग्रीव्ह्ज व समानी या दोघांनी १९८५ साली एक सोपी वाट दाखविली. दिवसाचे कमाल व किमान तापमान घ्यावे. त्यांच्या सरासरीत १७.८ मिळवावेत. कमाल व किमान यांतील फरकाचे वर्गमूळ काढून त्याने गुणावे. त्या तारखेस त्या अक्षांशावर वातावरणाच्या माथ्यावर जेवढी सौरऊर्जा येते ती पाण्याच्या मिलिमीटरांत कोष्टकातून घेऊन तिने गुणावे, आणि शेवटी ०.००२३ ने गुणावे. पुण्याचा एप्रिलातला दिवस घ्या : कमाल ३८, किमान २०, सौरऊर्जा सुमारे साडेपंधरा. उत्तर येते सात मिलिमीटर. डिसेंबरातला दिवस घ्या : कमाल ३०, किमान १२, सौरऊर्जा सुमारे अकरा. उत्तर येते चार.

आता यात कमाल-किमान तापमानांच्या फरकाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या अनुभवात आहे. आकाश निरभ्र असले की दिवस तापतो आणि रात्र गार पडते. ढग असले की दिवस तापत नाही आणि रात्रही निवत नाही. म्हणजे तापमानातला फरक हा ढगांचा अप्रत्यक्ष साक्षीदार होय. जुलैत पुण्याचा हा फरक पाच-सहा अंशांवर येतो. आणि सूर्य डोक्यावर असूनही खर्च चारच्या आत राहतो.

हा झाला मानलेल्या गवताचा खर्च. आपल्याकडची हिरवळ बहुधा हरळीची असते. हीच ती दूर्वा. गणपतीला वाहिली की पवित्र, शेतात शिरली की शत्रू! हरळी उष्ण हवेतले गवत असल्याने तिचा खर्च मूळ मापाहून कमी असतो. संघटनेच्या कोष्टकात अशा गवताचा गुणक ०.८ च्या आसपास आहे. सातला ०.८ ने गुणले की ५.६ मिलिमीटर आले. आरंभी सांगितलेला आकडा तो हाच. डिसेंबरात तोच खर्च ३.३ वर येतो.

शिल्लक : जमीन

खर्च कळला, पण तिजोरी केवढी आहे हे कळल्याशिवाय मुनिमाचे काम चालत नाही. ही तिजोरी म्हणजे मुळांच्या आवाक्यातील माती. भरपूर पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांत जादा पाणी खाली झिरपून जाते, आणि माती ओली तर आहे पण चिखल नाही, अशा स्थितीत येते. आपला शेतकरी तिला ‘वाफसा’ म्हणतो. तिजोरी भरल्याची ती खूण. त्यानंतर गवत पाणी ओढीत जाते, आणि एक वेळ अशी येते की मातीत ओल असूनही ती मातीच्या कणांना इतकी घट्ट धरून बसते की मुळांना ती ओढता येत नाही. गवत कोमेजते ते येथे. वाफसा आणि कोमेजणे या दोन मर्यादांच्या मधले पाणी तेवढेच गवताच्या उपयोगाचे.

हे उपयोगी पाणी मातीच्या जातीवर अवलंबून असते. पोयट्याच्या मातीत मीटरभर खोलीत सुमारे १५० मिलिमीटर सापडते. वाळूत त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीची कामाची मुळे वीस सेंटिमीटरांपर्यंत धरली, तर पोयट्यात तिजोरी ३० मिलिमीटरांची झाली. ती तळापर्यंत रिकामी होऊ देऊ नये. निम्मी संपली की भरावी, असा संकेत आहे. म्हणजे हाताशी खेळते भांडवल १५ मिलिमीटरांचे. एप्रिलात ते अडीच दिवस पुरते, डिसेंबरात साडेचार दिवस. मात्र बांधकामाच्या मुरुमावर चार बोटे माती पसरून वर हिरवळ अंथरली असेल, तर ही तिजोरी नसून नुसता कनवटीचा बटवा ठरतो, आणि तेथे रोज पाणी द्यावे लागते. अशा ठिकाणी यंत्र घेण्यापूर्वी चांगली माती घालणे हा अधिक शहाणपणाचा खर्च होय.

शिल्लक प्रत्यक्ष मोजण्यासाठी जमिनीत ओलमापक पुरतात. १९४० साली अमेरिकेतील बुयुकस व मिक यांनी जिप्समच्या ठोकळ्यातून वीज सोडून, विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून ओल ओळखण्याची युक्ती काढली. आज घरगुती वापरात जे चपटे मापक मिळतात त्यांतील बरे ते विद्युत्‌धारिता मोजणारे. पाण्याचा विद्युत्‌गुणांक ८० च्या घरात, कोरड्या मातीचा तीन ते पाच, आणि हवेचा एक. त्यामुळे मातीत पाणी थोडे वाढले तरी मापकाचा आकडा ठळकपणे हलतो. नुसत्या दोन उघड्या धातूच्या काड्यांचे स्वस्त मापक मात्र काही महिन्यांत गंजून खोटे बोलू लागतात.

मापक आठ-दहा सेंटिमीटर खोल, मुळांच्या जाळ्यात, उन्हातल्या जागी एक व सावलीत एक असे पुरावेत. त्याच्याभोवती माती घट्ट दाबावी. काळी माती वाळून भेगाळली की मापक व माती यांत फट पडते, आणि मापक हवेची ओल सांगू लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, मापकाचा आकडा हा स्वतः काहीच सांगत नसतो; त्याला आपल्या मातीची भाषा शिकवावी लागते. हिरवळ एकदा मनसोक्त भिजवावी आणि दोन दिवसांनी, वाफसा आल्यावर, आकडा लिहून ठेवावा. मग पाणी बंद करावे व रोज सकाळी हिरवळीवरून चालावे. गवत ताजे असेपर्यंत ते पावलाखाली दबून लगेच वर उठते. ज्या दिवशी पावलांचे ठसे मागे राहतील आणि हिरव्या रंगावर निळसर-करडी छटा येईल, त्या दिवशीचा आकडा लिहावा. या दोन आकड्यांच्या मध्ये यंत्राचा सारा व्यवहार. अनुभवी माळी ही ठशाची खूण फार पूर्वीपासून जाणतो. यंत्र त्याच्याकडून ती उसनी घेते.

जमेचा रकाना : पाऊस

जमेच्या रकान्यात पाऊस येतो, आणि येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की, पडलेला सगळा पाऊस जमेस धरला जातो. समजा, तिजोरीत ११ मिलिमीटरांची जागा रिकामी आहे आणि पाऊस ४० मिलिमीटर पडला. तर जमा अकराच धरावयाचे; उरलेले खाली गेले किंवा गटारात गेले. दुसरी फसगत दूरच्या आकड्यावर विसंबण्याची. मृगापूर्वीच्या वळवाच्या पावसाचा स्वभाव आपण जाणतो : कोथरूडला रस्ते वाहतात आणि हडपसरला धूळ उडत असते. हवामानकेंद्रावरचा पाऊस आपल्या अंगणात पडला असे धरून चालणारे यंत्र हिरवळ वाळवील, किंवा उलट भिजलेलीच पुन्हा भिजवील. म्हणून तापमान दुरून घेतले तरी चालेल. पाऊस मात्र आपल्या आवारातच मोजावा.

उद्याच्या पावसाच्या अंदाजाचे काय? त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. अंदाजाला जमेत लिहू नये. येणे असलेली रक्कम हाती आल्याशिवाय कोणी जमा लिहीत नाही. फक्त एवढे करावे की, पावसाचा संभव बराच असेल आणि तिजोरीत आणखी एका दिवसाचा खर्च निघेल इतकी शिल्लक असेल, तर पाणी एक दिवस पुढे ढकलावे. पाऊस आला तर पाणी वाचले. न आला तर दुसऱ्या दिवशी द्यावे. गवत काही एका दिवसाने रुसत नाही.

तीन दिवसांची कीर्द

आता हे सर्व एकत्र करून तीन दिवसांची कीर्द वाचू. पोयट्याची माती, एप्रिल महिना. पहिल्या दिवशी सकाळी खेळते भांडवल पूर्ण, १५. दिवसाचा खर्च ५.६; संध्याकाळची शिल्लक ९.४. दुसऱ्या दिवशीचा खर्च तेवढाच, शिल्लक ३.८. तिसऱ्या दिवशी पहाटे यंत्र विचार करते : आजचा खर्च ५.६ आणि शिल्लक ३.८, भागणार नाही. मग ते जमिनीतल्या मापकाला विचारते. त्यानेही कोरडेपणाची ग्वाही दिली, तर खर्च झालेले ११.२ मिलिमीटर भरून काढण्याचे ठरते. परंतु फवारे सगळीकडे सारखे पाणी टाकीत नाहीत. हिरवळीवर दहा-बारा वाट्या मांडून पंधरा मिनिटे फवारे सोडावेत. कोणत्या वाटीत किती साचले ते पाहिले की हे कळते. शंभरांतले पंचाहत्तर कामी येतात असे धरले, तर १५ मिलिमीटर सोडावे लागतील; तासाला ३० च्या वेगाने अर्धा तास.

हा अर्धा तासही एकसलग नको. चिकण काळी माती तासाला पाच मिलिमीटरांहून जास्त पाणी क्वचितच पिते. फवारा त्याच्या सहापट वेगाने ओततो. जादाचे फरशीवरून रस्त्यावर जाते. म्हणून पाच-सहा मिनिटे सोडावे, तासभर मुरू द्यावे, पुन्हा सोडावे. आणि हे सारे सूर्योदयापूर्वी, वारा पडलेला असताना उरकावे. माणसाने पहाटे तीन वाजता उठून असे हप्ते पाळणे कठीण. यंत्राला त्याचे काहीच वाटत नाही. यंत्राचा खरा उपयोग कोठे आहे हे यावरून ध्यानात येईल.

जर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ मिलिमीटरांचा वळीव आला असता, तर शिल्लक ३.८ वरून ११.८ झाली असती, आणि पाण्याची पाळी आणखी दीड-दोन दिवसांनी पुढे गेली असती. कीर्द आणि मापक दोन्ही का ठेवावयाची, याचेही उत्तर येथेच आहे. कीर्दीतील लहान लहान चुका रोज साठत जातात. मापक त्यांना दुरुस्त करतो. मापकाची तार उंदराने कुरतडली तर तो ‘जमीन ठणठणीत कोरडी’ असे सांगू लागतो. तेव्हा कीर्द त्याला खोटे पाडते. दोघांचे पटत नसेल, तर यंत्राने पाणी न सोडता मालकाला कळवावे, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा.

आपल्या गावच्या परिस्थितीसाठी आणखी तीन नियम आवश्यक आहेत. वीज गेली तर झडप आपोआप बंदच राहिली पाहिजे. यंत्र काहीही म्हणो, ठरविलेल्या मिनिटांपलीकडे झडप उघडी राहता कामा नये. आणि नळाला पाणी ठराविक वेळीच येत असल्याने, घरची टाकी निम्म्याखाली असेल तर हिरवळीची पाळी चुकलीच म्हणून समजावे. घरातल्या माणसांची आंघोळ आणि हिरवळीची आंघोळ यांत निवड करण्याची वेळ आली, तर ती यंत्रावर सोडू नये.

मुनीम आणि मालक

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, असे यंत्र बसविले की पाणी वाचलेच. आरंभी आम्ही म्हटले की तशी खात्री नाही. त्याचे कारण आता सांगावयाचे आहे. कॅलिफोर्नियात, जेथे आज कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतो आणि हिरवळी मात्र सर्वत्र. त्या राज्याने १९८२ सालीच स्वयंचलित हवामानकेंद्रांची साखळी उभारून रोजच्या खर्चाचा आकडा शेतकऱ्यांस व बागवाल्यांस पुरविण्यास आरंभ केला. पुढे हवामान पाहून चालणारी यंत्रे हजारो घरांतून बसविली गेली. २००९ साली अशा दोन हजारांहून अधिक ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी बचत निघाली सुमारे सहा टक्के! आणि शंभरांतील चाळीसांहून अधिक ठिकाणी यंत्र बसविल्यानंतर पाण्याचा वापर वाढला.

हे असे का व्हावे? यंत्र बिघडले होते म्हणून नव्हे. ते फार प्रामाणिक होते म्हणून. जो मनुष्य पूर्वी सढळ हाताने पाणी सोडीत होता, त्याचे पाणी यंत्राने कमी केले. पण जो काटकसरीने, गवताला थोडे उपाशी ठेवून दिवस काढीत होता, त्याच्या हिरवळीलाही यंत्राने शास्त्राप्रमाणे पोटभर वाढले. मुनिमाने हिशेब चोख ठेवला. पण देणे किती द्यावयाचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. गवताची गरज काय, एवढेच त्याला ठाऊक. पाण्याची गावाला गरज काय, हे त्याच्या सूत्रात कोठेच नाही. त्याच कॅलिफोर्नियात २०१५ च्या एप्रिलमध्ये दुष्काळापायी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम राज्यपालांना काढावा लागला, आणि कित्येकांनी हिरवळी उपटून टाकल्या.

आपल्याला हे कळण्यासाठी एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले. आपल्या उदाहरणातील हिरवळीच्या मापाने पाहिले, तर त्या आगगाडीतील पाणी नऊशे बंगल्यांपुढच्या हिरवळींना एक दिवस पुरले असते. हिरवळ लावणारा प्रत्येक मनुष्य अपराधी आहे, असा याचा अर्थ कोणी करू नये. लहान मुलांना अनवाणी धावावयास हिरवी जागा असावी, यात आम्हांला काही गैर दिसत नाही. परंतु खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर असणे आणि नसणे यांत फरक आहे, आणि यंत्राचा खरा लाभ तो आकडा रोज दाखविण्यात आहे.

तेव्हा मालकाने मुनिमाला सांगावयाच्या गोष्टी यंत्र चालू करण्यापूर्वीच ठरवाव्यात. पहिली, पाण्याचा साप्ताहिक शिधा. ‘आठवड्याला दोन हजार लिटर, त्याहून अधिक नाही’ असे एकदा यंत्रास सांगितले की ते त्यातच हिरवळ जगवील. पूर्ण गरजेच्या निम्मेच पाणी मिळाले तरी हरळी मरत नाही. ती पिवळी पडते, निजते, आणि पहिल्या वळवाबरोबर उठते. ‘हरळीची मुळी’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुळलेला नाही. दुसरी, हिरवळीचा आकार. शंभर चौरस मीटरांऐवजी चाळीस ठेवले तर कोणत्याही यंत्राहून अधिक बचत होते, आणि तीही एका दिवसात. तिसरी, पाण्याची जात. पिण्याचे पाणी हिरवळीवर न घालता भाज्या-फळे धुतलेले व आंघोळीचे पाणी गाळून वापरण्याची सोय करता आली तर बिऱ्हाडाचा भार निम्म्याने हलका होईल. चौथी, टंचाईचा नियम : गावात पाणीकपात जाहीर झाली की हिरवळीची झडप बंद, मग मापक काहीही सांगो.

या चार गोष्टी ठरविण्यास विजेची, तारेची वा संगणकाची गरज नाही. त्या ठरल्यानंतर मात्र यंत्रासारखा सेवक नाही. तो पहाटे उठतो, पाऊस पडला की थांबतो, थेंबाथेंबाची नोंद ठेवतो, आणि महिन्याच्या शेवटी कीर्द पुढे करतो. ती कीर्द वाचण्याचे काम मात्र त्याच्याने होणार नाही. ते ज्याच्या दारी हिरवळ आहे त्याने करावयाचे. शंभर चौरस मीटर, एक मिलिमीटर, शंभर लिटर, एवढे समीकरण श्रोत्यांनी आज घरी नेले, आणि येत्या उन्हाळ्यात आपल्या अंगणापुरता तरी हा जमाखर्च मांडून पाहिला, तर या विवेचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.